तापाचं गाऱ्हाणं

चीनच्या लढाईनंतरच्या उन्हाळ्यात दादा रजेवर घरी आला आणि नेमकी तेव्हाच माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. तो पलटणीतून सरळ आला नव्हता. मधले काही आठवडे त्याला लष्करी इस्पितळात, डोक्याच्या वॉर्डात ठेवलं होतं. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "झोप लागेनाशी झाली तर पलटणीत जाऊ नका, आधी इथे या. पुढचं आम्ही बघू."

झोप कुठली लागायला? दिवसभर तो मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसे. भांडं पडलं तरी दचके. मी ताक घेऊन गेले की तेवढं माझ्याशी बोले.

"माका थंय झोप येता, गो. डॉक्टर इचारता, मी सांगतंय. बस, तितक्याच."

त्याला परत इस्पितळात जायचं होतं, एवढंच. पण वरपक्षाला कळलं की मुलीचा भाऊ वेड्यांच्या वॉर्डात आहे, तर सोयरीक मोडणार, ही बाबांची भीती. त्यांनी गावात मलेरिया सांगितला. आई रडली आणि तिनेही मलेरियाच सांगितला. शेवटी बाबा म्हणाले, देवाला कौल लावू, तो म्हणेल तसं करू.

आमच्याकडे गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. गुरव ते मोठ्याने म्हणतो आणि जमलेला गाव साथ देतो. मग बाबा खरं काय सांगणार?

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक ताप इलो आसा, तो दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

पाषाणाला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे ताप जाईल असा देवाचा होकार. बाबांचा चेहरा उजळला. दादा खांबाशी उभा होता. देवाला विचारलं काय, हे त्याला आणि मला कळत होतं. मला तेव्हा बाबांचा इतका संताप आला की मी प्रसाद घेतलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून एक गृहस्थ आले. रजेवर आलेल्या जवानांपैकी कोणाचे उपचार अजून चालू आहेत, कोणाला परत इस्पितळात जायचं आहे, याची ते घरोघर चौकशी करत होते. बाबांनी कचेरीतली मराठी काढली.

"मलेरिया होता, साहेब. आता ठणठणीत आहे."

ते गृहस्थ शहाणे होते. त्यांनी दादालाच विचारलं, "तुम्ही काय म्हणता? झोप लागते?"

दादाने बाबांकडे पाहिलं. मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"लागते, सर. काही त्रास नाही."

चहा घेऊन ते पुढच्या वाडीत गेले. रजा संपल्यावर दादा सरळ पलटणीत हजर झाला. गणपती उठल्यावर तार आली. त्याने आपल्या हाताने जीव दिला होता. गावात आम्ही सांगितलं, ताप उलटला.

सुतक फिटलं, वर्षही सरलं आणि ठरलेल्या घरीच माझं लग्न झालं. सासू मायाळू होती. एकदा दोघी चुलीपाशी असताना ती आपणहून म्हणाली, "आता तू घरची, म्हणान सांगतंय. तुझो चुलतसासरो नेवीत होतो. त्याचा डोक्या बिघाडला, तेव्हा मुंबैक इस्पितळात ठेवलेलो. तुमका कळाला तर सोयरीक मोडात, म्हणान गप रवलंव. आता बघ कसो बरो आसा. तुझ्या लग्नात पंगतीत वाढी होतो."

मला तो माणूस चांगला आठवत होता. आणखी भात घ्या म्हणून त्याने बाबांना हाताला धरून आग्रह केला होता आणि बाबा जेवले होते.

सासू पुढे काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही. मला त्या भल्या माणसाचा राग आला. तो बरा झाला होता म्हणून.