चंदू रायपुरात

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा हे फलाटावर कुबडी घेऊन उभे होते. "डावा कान बघ. चीर असली तरच मॅनेजरांना फोन कर," एवढंच म्हणाले.

हे स्टड फार्मवर मोतद्दार (घोडा सांभाळणारे) होते. यांच्या हातचा चंदू मोठमोठ्या शर्यती जिंकला. मग त्याला घोड्या फळवायला ठेवलं. पहिली शिंगरं मागे पडली, म्हणून मालकांनी त्याला विकलं आणि यांनाही घरी पाठवलं. आता त्याचीच पुढची शिंगरं जिंकताहेत. मॅनेजर म्हणाले, चंदू सापडला तर दोघांनाही परत घेऊ. माझ्या भावानं, दिनेशनं, रायपूरहून एका वरातीचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात यांनी चंदूची चाल ओळखली.

दुसऱ्या दिवशी रायपूरला लागूनच असलेल्या बीरगांवला दिनेशकडे पोचले. वहिनीनं फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या) केला होता. सदर बाजारात एका स्कूटरनं माझी चप्पल तोडली. सांगायची लाज वाटली, तशीच फरफटत घोडीवाल्याच्या पाऱ्यात (वस्तीत) गेले.

"ताई, तू काहून मागे उभी राहून राहिली? जवळ जा ना!" दिनेश म्हणाला.

आमचा चंदू लोखंडासारखा करडा होता. असे घोडे वयाबरोबर पांढरे होतात. समोरचा पांढराशुभ्र, शेपटीला चमकी लावलेली. डाव्या कानाला चीर होती. त्यानं मला ओळखलं नाही.

"भैया, हा घोडा..."

"घोडी बोलो, दीदी!" घोडीवाला हसला. "दूल्हा घोड़े पे थोड़ी बैठता है! झूल डाल दो, फिर नीचे कौन झाँकता है?"

"चावत नाही?"

"पहले बहुत काटता था. बधिया (खस्सी) करवा दिया. अब गाय है, गाय."

मी फोन लावला. चीर आहे म्हटल्यावर मॅनेजर खूश झाले. खस्सी केलाय म्हटल्यावर म्हणाले, "मग काय उपयोग? राहू द्या तिथंच."

"आणि आमचे हे?" मी विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, धावत होता तोवर चंदूचे पाय हवे होते, मग त्याची शिंगरं, आता पाठ. निदान कशाला तरी तो हवा आहे. यांचं तेवढंही नाही.

पुण्यात उतरून यांना सगळं खरं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाय कसे आहेत त्याचे?"

स्वतःबद्दल एक शब्द नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला यांचा असा राग कधी आला नव्हता.