अकरा नंबरची पाटी

खोटं कशाला बोलू, त्या पाट्यांचा मला फार अभिमान होता.

खराडीतल्या आमच्या कंपनीत रक्ततपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनतं. शहरभर रक्त गोळा करणारी सेंटरं, तिथे संगणकावर बसलेल्या बायका आणि रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर पाठवणारा आमचा प्रोग्राम. हा प्रोग्राम कुठे अडला की खालची सिस्टिम नुसता एक आकडा फेकते. दोन. तेरा. अठ्ठावीस. आम्हाला त्याचा अर्थ कळतो, कात्रजच्या सेंटरवरच्या बाईंना कसा कळावा? त्या फोन करून विचारायच्या, "अहो, हे सकाळपासून तेरा तेरा काय लावलंय?" शेवटी मॅनेजर मला म्हणाले, या आकड्यांना माणसांना वाचता येतील अशी नावं दे बाबा.

मी नावं दिली नाहीत, पाट्या रंगवल्या. नारायण पेठेत वाढलेला माणूस दुसरं काय करणार! दोन नंबर म्हणजे फाईल सापडली नाही, त्याची पाटी केली, "अशी फाईल येथे राहत नाही." तेराला, "परवानगी नाही. कारण विचारू नये." अठ्ठाविसाला, "जागा संपली आहे. आधी जुने आवरा." आणि अकराला, "दोन कामे एकमेकांची वाट अडवून बसली आहेत. कुलूप लावणाऱ्यास विचारावे." सेंटरवरच्या बायका पाट्यांचे फोटो काढून एकमेकींना पाठवायच्या. मी ऑफिसात कॉलर ताठ करून फिरायचो.

आता यातली मेख सांगतो. आकडा तोच असला तरी प्रत्येक सिस्टिमवर त्याचा अर्थ तोच असतो असं नाही. म्हणून पाटी कधी आकड्याला लावायची नसते. आधी त्या मशीनलाच विचारायचं, तुझ्याकडे या आकड्याला काय म्हणतात, आणि ती सांगेल त्या नावाला पाटी लावायची. नव्या लोकांना हे मीच शिकवतो, दर वर्षी, फळ्यावर लिहून. आणि मी काय केलं? माझ्या लॅपटॉपवरची यादी समोर ठेवली आणि आकडा, पाटी, आकडा, पाटी असं लिहीत सुटलो. आमचे सर्व्हर निराळ्या सिस्टिमवर चालतात हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हटलं, एवढा काय फरक असणार! वर प्रत्येक पाटीपुढे एक खूण ठेवली, प्रोग्रामने इथे थांबायचं की पुन्हा करून बघायचं. अकरापुढे लिहिलं, थांबा.

त्याच सुमारास अमरावतीकडच्या एक बाई आमच्या टीममध्ये आल्या. चाळिशीच्या आसपासच्या. मुलीसाठी बरीच वर्षं नोकरी सोडलेली, आता नव्याने सुरुवात. नवरा तिकडे शाळेत मास्तर. मुलीला घेऊन या इथे आल्या, दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तिला आठवीत घातलं. सहा महिन्यांनी कंपनीने कायम केलं तर राहायचं, नाहीतर दोघींनी परत जायचं, असं घरी ठरलं होतं. हे त्यांनीच डबा खाताना सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असंही मला म्हणता येत नाही.

त्यांच्याकडे कुलपांचं काम होतं. एकाच रिपोर्टला दोन ठिकाणांहून एकदम हात लागू नये म्हणून प्रोग्राम त्याला तात्पुरतं कुलूप घालतो, काम झालं की काढतो. ते त्यांनी लिहिलं, आणि पाचव्या महिन्यात रिपोर्ट अडकायला लागले. दर वेळी माझी पाटी झळकायची. कुलूप लावणाऱ्यास विचारावे. झालं! जो तो उठून त्यांना विचारायला लागला. सेंटरवाल्या विचारायच्या, मॅनेजर विचारायचे, चहा घेताना मीसुद्धा विचारायचो. तीन आठवडे त्या स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत राहिल्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

एका मीटिंगमध्ये त्यांनी मला विचारलं, "सर, मला तो मूळ आकडा पाहायला भेटेल का जी? पाटी नको, नुसता आकडा."

आकडा मी नोंदींमधून काढूनच टाकला होता. पाटी नीटनेटकी दिसावी म्हणून. पण हे सांगायचं सोडून मी म्हणालो, "अहो मॅडम, माणसं भेटतात, आकडे मिळतात. आणि पाटी वाचून कळत नसेल, तर आकडा वाचून काय कळणार?"

सगळे हसले. त्यांनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात त्यांना कायम करायचं की नाही याचा निर्णय शुक्रवारी होता. बुधवारी दुपारी मी दुसऱ्याच कामासाठी थेट सर्व्हरवर बसलो होतो. तिथे अकरा दिसला. सहज म्हणून मशीनला विचारलं, याला काय म्हणतेस? तिने उत्तर दिलं, सध्या जमत नाही, पुन्हा करून पाहा.

मी लॅपटॉपवर विचारलं. तिथे उत्तर होतं, वाट अडली.

 पहिले चौतीस आकडे एकेक करून ताडून पाहिले. सगळे जुळत होते. फक्त अकरा नाही. बाईंच्या कुलपांत काही खोट नव्हती. सर्व्हर बिचारा "जरा थांबून परत ये" एवढंच सांगत होता, आणि माझी पाटी रिपोर्ट अडवून त्यांच्याकडे बोट दाखवत होती.

मी ती ओळ दुरुस्त केली. बदल केला की कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती." रिपोर्ट जायला लागले.

घरी बायकोला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मग उद्या सांगून टाक ना. एरवी तर जीभ चांगली चालते तुझी."

"बघू," म्हणालो.

गुरुवारी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. "कालपासून तक्रार नाही. पण तीन आठवडे लावले हो त्यांनी. तू सीनियर आहेस, तुझं काय मत?"

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण डोळ्यांपुढे ते फोटो आले, मी शिकवलेले सगळे चेहरे आले, आणि मी म्हणालो, "मेहनती आहेत."

पुण्यात एखाद्याला नुसतं मेहनती म्हटलं की समोरचा काय समजायचं ते समजतो. मॅनेजर समजले. त्यांनी समजावं, हे मलाही कळत होतं. भ्याड होतो मी, दुसरा शब्द नाही.

शुक्रवारी दुपारी बाईंना, कायम करत नाही, असं सांगण्यात आलं. चारच्या सुमारास त्या माझ्या टेबलापाशी आल्या, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी.

"येते सर," म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "अकराची ओळ तुम्ही बुधवारी बदलली ना जी? मी पाहिली."

 "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी नवीन माणूस. मी बोलले असते तर म्हणाले असते, आपली चूक दुसऱ्यावर ढकलते." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्हटलं, सर स्वतःच सांगतील. काल पोरगी विचारत होती, आई, दप्तर ठेवू की सामान बांधू? मी म्हटलं, दप्तर ठेव, सर सांगणार आहेत."

 

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. मॅनेजरची केबिन वीस पावलांवर होती, दार उघडं होतं, ते आत बसलेले मला दिसत होते. मी उठलो, बाईंच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आलो.