मुलगी बघायला गेलो, कॉमिक तपासून आलो

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एका मित्रानं अख्खा चहा शर्टावर सांडला आणि वर मलाच शिव्या घातल्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. वय तिशीला टेकलेलं, पुढचे केस मागे सरकायला लागलेले आणि लग्न काही केल्या जमत नव्हतं. पत्रिका जुळायची, मुलगी बघून यायचो आणि मग तिकडून निरोपच यायचा नाही. शेजारणी विचारतील म्हणून आई पाणी भरायलासुद्धा उशिरा जायला लागली होती. मला तर वाटायचं, हे शेवटचंच स्थळ. हे गेलं की संपलं!

हे स्थळ मामानं आणलं होतं. हमरापूरचं घर, गणपतीचा कारखाना, मुलगी स्वतः मूर्ती रंगवणारी. छानच की! पण मामा गप्प बसेल तर शपथ. "आमचा भाचा म्हणजे चित्रांतला मोठा जाणकार," असं तिकडे ठोकून आला. कशाच्या जोरावर? तर कंपनीत 'धोका' लिहिलेल्या पाटीवर मी एकदा कवटी काढली होती. ती कवटी इतकी हसरी झाली की सुपरवायझरनं पुसायला लावली.

हमरापूरला जायला रामवाडीला एसटीतून उतरलो, तेव्हाच मी मामाला बाजूला घेतलं.

"मामा, मला चित्रातलं काय पण कळत नाय रे."

"कळायला कशाला पायजे? मान हलवायची, बरं बोलायचं. गप नुसता बसू नको."

मुलीकडच्यांनी आम्हाला कारखान्यातच बसवलं. चारी बाजूंना गणपती, मध्ये मी, आणि समोर मुलीचे वडील तात्या. पोहे आले, पापड आले. मुलगी, म्हणजे सुरेखा, ताटल्या ठेवून आईशेजारी बसली. आता तिच्याकडे नीट बघावं म्हणतोय, तेवढ्यात तात्यांनी कागदांचा एक गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

"घरच्या घरी कॉमिक केलाय आम्ही. गमतीचा हाय, पाठलागाचा. गणपतीत मंडळात लावायचाय. तुम्ही जाणकार मानूस. चित्रं कशी झालीत, गोष्ट कशी जमलीय, बघून सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातला पापडसुद्धा मी आवाज न करता चावला.

पहिलं पान उघडलं. खाडीच्या चिखलात एक चोर कमरेपर्यंत रुतलाय, शेजारी गावाचा ढोल तरंगतोय आणि मिठागराचा राखणदार म्हशीवर बसून "सापडला, सापडला" ओरडतोय. पुढच्या पानांवर भातशेतातून पळापळ. आणि शेवटच्या पानावर? देवळात ढोल आपला जागच्या जागी टांगलेला!

बरं, हेही चाललं असतं. पण एकालाही डोळे नव्हते! राखणदाराला नाही, चोराला नाही, म्हशीला पण नाही.

तुम्ही काय केलं असतं? सरळ विचारलं असतं ना? मी नाही विचारलं. जाणकार माणूस विचारतो कुठे?

"तात्या," मी घसा साफ केला, "डोळे न काढण्यात तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत. चोर आंधळा, राखणदार आंधळा, आजचा सगळा समाजच आंधळा. आणि म्हशीला सुद्धा तुम्ही सोडलं नाहीत!"

तात्यांचा पोह्यांचा घास हातातच राहिला.

"अवो, समाज कुठला? डोळे व्हायचेत अजून! आमच्यात डोळे शेवटी. सगळा रंग सुकला का मग डोळ्यांची आखणी. आणि आखणीचा हात आमच्या सुरेखाचा. तिला सवड नाय गावली."

मामानं खालून पायावर पाय दिला, म्हणजे गप. मला वाटलं, म्हणतोय सावर.

"ते असो," मी म्हणालो, "पण गोष्ट! शेवट आधी सांगायचा, हे भल्याभल्यांना सुचत नाही. चोर आधी सापडतो, नंतर पळतो, आणि शेवटी ढोल देवळातच! म्हणजे चोरी झालीच नव्हती. सगळं त्या राखणदाराच्या मनात चाललं होतं!"

"गो सुरेखा," तिची आई हळूच म्हणाली, "यांना बरं नाय का?"

आता सुरेखा पहिल्यांदा बोलली. "तात्या, पानं रंगाच्या हिशोबानं लावलीत तुम्ही."

झालं! कारखान्यात एक रंग कालवला की तो सगळ्या मूर्तींवर मारून घेतात, मगच दुसरा. कॉमिकची पानंही तशीच रंगवली होती. निळ्या रंगाची खाडी वर, हिरवी शेतं मध्ये, देऊळ तळाशी; म्हणजे खरी गोष्ट खालून वर. आणि मी तेच वाचून त्यांना त्यांची गोष्ट समजावून सांगत होतो.

सुरेखा ओढणी तोंडाला लावून आत पळाली. आतून जे हसणं ऐकू आलं, ते अजून माझ्या कानात आहे.

परतीच्या एसटीत मामानं दोघांचीही तिकिटं मलाच काढायला लावली. मग म्हणाला, "मान हलव म्हटलं होतं, जीभ नाय."

पुढचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. शेजारच्यांचा फोन वाजला की मी जेवण सोडून दाराशी जायचो. आई देवापुढे बसली की मला तिच्याकडे बघवायचं नाही. शेवटी एका संध्याकाळी मामा दारात आला आणि म्हणाला, "होकार हाय!"

"काय? तात्या हो म्हणाले?"

"तात्या नायच म्हणत होते. पोरगी हटून बसली."

माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, मनापासून बोललेलं पोचतं माणसाला! "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, अर्धवट कामात ज्याला एवढं दिसतं, तो माझ्या जेवणाला जल्मात नावं ठेवणार नाय."

मी तेव्हा खूप हसलो. लग्नानंतर तिनं पहिल्यांदा स्वयंपाक केला, तेव्हा ताटात भात आला तो खालून करपलेला आणि वरून कच्चा. सुरेखा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी दोनदा मागून घेतला.