चित्रावरचा चिंचोका

उदगीरच्या मोंढ्यात मलप्पा मापाडी होते. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला त्यांनी कधी एक म्हटलं नाही. लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन. त्या सुरावर त्यांची लेक शिवकांता वाढली आणि लग्न होऊन आमच्या गावी आली, ती तोच सूर घेऊन.

नवा जिल्हा झाला, लातूरला कलेक्टर बसला, आणि त्याच सुमाराला पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली. शिवकांताबाईंनी मठाच्या ओसरीत बालवाडी मांडली होती. पुठ्ठे कापून, सुतळीनं शिवून त्यांनी पोरांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. काजळ, गेरू आणि हळद, एवढेच रंग. पहिल्या पानावर गावची विहीर. दुसऱ्यावर रेवणसिद्धची बैलजोडी. तिसऱ्यावर गुणाबाईच्या शेळ्या. पोरांनी रोज पाहिलेलं तेच त्यांच्या बोटाखाली यायचं. पोरांच्या हट्टानं शेवटच्या पानावर बाईंनी स्वतःलाही काढलं होतं, एकटीच, हातात पुस्तक घेतलेली.

वजाबाकीला चिंचोका. ज्या चित्रावर ठेवला ते गेलं, आता उरलं किती ते सांगायचं. बाईंनी सहज म्हणून रेवणसिद्धच्या डाव्या बैलावर चिंचोका ठेवला. पुढच्या बाजाराच्या आतच तो बैल कडब्यावाचून गोठ्यात बसला, तो उठलाच नाही. मग शेळ्यांचं पान आलं. दानम्मानं दोन झाकल्या. पाचेक वर्षांची, गुणाबाईची नात ती. शेळ्या विषारी पाला खाऊन फुगून मेल्या. किती आणि कोणत्या, ते साऱ्या गावाला आधीच ठाऊक होतं.

गुणाबाई ओसरीवर आल्या. भांडायला नव्हत्या आल्या. खांबाला टेकून बराच वेळ पुस्तकाकडं पाहत राहिल्या.

"शिवकांते, तू आमचीच हाईस. पर त्या हिरीवर काय ठिवू नको, बाय."

दुष्काळानं झालं ते, पुस्तकानं नव्हे, असं बाईंनी समजावलं. गुणाबाईंनी मान हलवली आणि नातीला उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं आली नाहीत.

तेवढ्यात निरोप आला. बालवाडी पाहायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून सौदामिनीबाई येणार होत्या. बालवाडी त्यांच्या मनास आली तर पोरांना रोज शिजवलेलं अन्न मिळणार होतं. पोरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. त्या अन्नापायी बाया पोरांना पुन्हा घेऊन आल्या, पण कुणी परत गेली नाही. खांबाखांबाला उभ्या राहिल्या.

सौदामिनीबाईंनी पोरांची मोजणी ऐकली. लाभ ऐकून हसल्या, कौतुकानं. वजाबाकी झाली. मग म्हणाल्या, शून्य येतं का पाहू. त्यांनी पहिलं पान उघडलं, एकट्या विहिरीचं, आणि चिंचोका दानम्माच्या हातात दिला.

पोर हलेना. विहिरीत घागर बुडेल एवढंच पाणी राहिलं होतं.

शिवकांताबाईंनी पुढं होऊन पुस्तक हातात घेतलं आणि शेवटचं पान उघडलं.

"हितं ठेव."

"बाईवर?"

"हाव. ठेव. आता काय उरलं?"

दानम्मानं आजीकडं पाहिलं. गुणाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. पोरीनं चिंचोका ठेवला.

"काहीच न्हाई," ती म्हणाली.

सौदामिनीबाई खूश होऊन गेल्या. महिना सरायच्या आत पोती आली, चूल पेटली, पोरं जेवू लागली. आणि विहीर टिकली. आजूबाजूच्या साऱ्या आटल्या, आमची मात्र घागरीपुरती पाझरत राहिली.

तेव्हापासून गावातलं बोलणं मऊ झालं. बाया शिवकांताबाईंना आधी पाणी भरू द्यायच्या. वाटेत भेटल्या की पदर सावरून बाजूला व्हायच्या. रेवणसिद्ध तर हात जोडायचा. हे सारं कशाला, ते बाईंना कळेना.

एका सकाळी त्यांनी शेवटचं पान उघडलं. चिंचोका चित्रावरच होता. उचलायला गेल्या, तर हलेना. भोवती बाभळीचा डिंक वाळला होता. कुणीतरी तो भरपूर, नीट, सगळ्या कडांना लावला होता.

बाईंनी मान वर केली. बाया घागरी घेऊन विहिरीकडं चालल्या होत्या. एकीनंही ओसरीकडं पाहिलं नाही.

त्यांनी नख लावून पाहिलं. मग नख काढून घेतलं आणि पुस्तक पोरांपुढं सरकवलं. दानम्मानं चिंचोक्यावर बोट ठेवलं.

"लाभ," ती म्हणाली, आणि पुढच्यासाठी थांबली.