केतकी रंगाचं बाळ

माझी मुलगी आयुष्यात सगळ्यात सुंदर दिसली, ती आजारी होती तेव्हा. हे माझं मत नाही, सासरच्या माणसांचं आहे.

मी वर्ध्याकडची, सावळी. सावळी हा शब्द सासरचा. माहेरी आम्ही सरळ काळी म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. नवऱ्याचं घर मूळचं शनिवार पेठेतलं, पिढ्यान्‌पिढ्या गोरं, आणि रंगाबद्दल आपण कधी बोलत नाही असं दर दोन वाक्यांनंतर सांगणारं. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून सासूबाईंनी रोज दुधात केशर घालून दिलं. मी ते मुकाट प्यायले, कारण चव चांगली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझ्या आईचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. नवरा कंपनीच्या कामानं अमेरिकेत, म्हणजे आमच्या भाषेत ऑनसाइट. तेव्हा वारज्याच्या नव्या फ्लॅटमध्ये मी, सासूबाई आणि ती नवी मुलगी, एवढ्याच होतो. हॉस्पिटलातून घरी आलो तेव्हा ती लालबुंद होती. मग हळूहळू तिच्या तोंडावर सोनेरी झाक आली, आणि सासूबाईंच्या तोंडावर समाधान.

"केशर लागू पडलं," त्या म्हणाल्या.

त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, बाळ बघायला आल्या. त्या पेठेतून वारज्याला येतात तेव्हा प्रवासाची पिशवी, पाण्याची बाटली आणि औषधं बरोबर आणतात. त्यांनी दुपटं बाजूला करून पाहिलं आणि हात जोडले. "ताई, अगं अस्सल केतकी आहे गं. थेट आपल्या आईचा रंग." मग माझ्याकडे बघून, समजूत घातल्यासारखं, "नाक मात्र तुझं घेतलंय हो."

आणि गुणी किती! रडणं म्हणून नाही. दोन घोट प्यायची की डोळे मिटायची. तळव्यांना गुदगुल्या केल्या, गाल ओढले, तरी ढिम्म. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, नशीबवान आहेस, असं शांत बाळ लाखात एक. मीही ते खरं मानलं, कारण मला झोप हवी होती. फक्त माझी आई फोनवर म्हणाली, "रडत नाही म्हंते? तू त सारी गल्ली डोक्यावर घेत होती." मी म्हटलं, ही सासरवर गेली आहे, तिथे मोठ्यानं रडत नाहीत.

नवऱ्यानं मागच्या खेपेला डिजिटल कॅमेरा आणला होता. त्याला पाठवायला मी बाळाचा एक फोटो काढला. खाली कैलासवासी सासऱ्यांच्या मऊ धोतराचं दुपटं, वर आमची केतकी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेल आला. कॅमेरा पिवळा मारतोय, सेटिंग बिघडलंय, मी रंग दुरुस्त करून पाठवतोय. सोबत दुरुस्त केलेला फोटो. त्यात मुलगी छान गुलाबी झाली होती आणि सासऱ्यांचं धोतर आभाळासारखं निळं.

सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना नातीपेक्षा धोतर आधी दिसलं.

"एवढी नीळ?" त्या म्हणाल्या. "माझ्या धुण्यात कधी नीळ जास्त होत नाही."

अपमान फार झाला होता. त्या आत गेल्या, बाळाच्या खालचं दुपटं अलगद ओढून खिडकीशी आल्या आणि उजेडात धरलं. दुपटं पांढरंशुभ्र होतं, माझ्या मूळ फोटोत होतं तसंच. मी कंपनीत टेस्टिंग करते. दुसऱ्यानं दुरुस्त केलेल्या गोष्टीत काय बिघडलं ते शोधायचं, एवढंच माझं काम. मुलीला गुलाबी करायला धोतर निळं करावं लागत असेल, तर कॅमेरा ठीक आहे. पिवळी मुलगीच आहे. इतके दिवस आम्ही बिघाडालाच कौतुकानं फीचर म्हणत होतो.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी ते दुपटं बाळाच्या गालाशी लावलं. मग तिच्या पोटाशी. मग त्यांनी तिची पापणी उचलली. डोळ्याचा पांढरा भागही पिवळा होता.

"रिक्षा बोलव," त्या म्हणाल्या. चपला बदलायचंही त्यांना सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या छातीवर बोट दाबून उचललं. "हा रंग कधीपासून?"

"तशी पहिल्यापासून जरा केतकीच..." सासूबाई म्हणाल्या.

"केतकी बागेत असते. ही कावीळ आहे. आणि पीत नाही, रडत नाही, हे आपल्याला बरं वाटत होतं का?"

टाचेतून रक्त घेतलं तेव्हाही मुलगी नुसती कुरकुरली. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई सावकाश बोलू लागल्या, आणि पुण्यातला डॉक्टर सावकाश बोलू लागला की समजावं. बऱ्याच बाळांना थोडी कावीळ होते आणि आपोआप जाते. हिची फार वाढली होती. त्यामुळे ही झोपते, झोपते म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी वाढते. मेंदूत शिरली तर मग काही करता येत नाही. तिथे शिरली आहे का, हे आज सांगता येणार नव्हतं. मी इतकी घाबरले होते की मला रडताही येईना.

तिला उघडी करून, डोळ्यांवर पट्टी बांधून, निळ्या दिव्यांच्या पेटीत ठेवलं. ती गोव्याला आल्यासारखी हातपाय पसरून पडली होती. आम्ही दोघी काचेबाहेर बाकावर बसलो. नर्स दूध वाटीचमच्यानं पाजत होती. सासूबाई एकदाच म्हणाल्या, "काळी असती तरी चाललं असतं गं." हे त्या मला सांगत होत्या की देवाला, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा रक्त घ्यायला नर्सनं तिची टाच धरली, आणि सगळा वॉर्ड दणाणेल असा टाहो आला. आमचीच होती. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या.

घरी आल्यावर काही दिवसांनी मावशी पुन्हा आल्या, पिशवी आणि बाटलीसकट. त्यांनी दुपटं बाजूला केलं आणि त्यांचा चेहरा पडला. खाली माझाच रंग होता, नाकासकट.

"ताई, रंग उतरला गं हिचा."

"उतरला नाही, उतरवून घेतला," सासूबाई म्हणाल्या. "दिव्याखाली ठेवून."

तेवढ्यात मुलीनं भोकाड पसरलं. मावशी तिला उचलायला पुढे झाल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांब," त्या म्हणाल्या. "रडू दे जरा."