इंदूमावशीची ॲडमिनगिरी

इंदूमावशी फोन पदराने पुसून मगच उचलते. बोलताना तो तोंडासमोर आडवा धरते. 'गुड मॉर्निंग'ची फुलं कुणी पाठवली, तर त्याच्या दारात जाऊन विचारते, "काही काम नाही काय रे तुले?" घरातला नळ उघडा ठेवते, खाली रिकामं पातेलं. पाणी आलं की पातेलं वाजतं.

अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. पाणी सोडणारा माणूस फक्त मावशीला फोन करतो. म्हणून 'नळ आला का' हा व्हॉट्सॲप ग्रुप तिचा. सगळी गल्ली त्यात आहे. माझी कविता तिने तिथून काढायला लावली होती. "याच्यात पानी कुठी आहे?"

निवडणूक जवळ आली, शहरात तणाव वाढला. पोलिसांनी सगळ्या ॲडमिनना ठाण्यात बोलावलं. साहेब म्हणाले, अफवा फिरली तर आधी ॲडमिनला उचलू. मावशीही जाऊन आली.

संध्याकाळी गल्लीतला गोवर्धन आला. त्याला नगरसेवक व्हायचं होतं.

"मावशी, या वयात ठाणं कायले? मले ॲडमिन करा. जिम्मेदारी माही."

"अन् फोटोबी तुहाच ना?"

"एखादा."

गल्ली म्हणाली, देऊन टाका. मावशीने त्यालाही ॲडमिन केलं. पाणी सोडणाऱ्याचा नंबरही दिला. "आता नळाची खबर तूच देजो."

गोवर्धनने पहिलं काम केलं ते इतरांचं लिहिणं बंद करण्याचं. मग त्याचे प्रचाराचे फोटो सुरू झाले.

त्याच आठवड्यात सरकारने शहरातलं मोबाईलचं नेट बंद केलं. आणि नळ आला. गोवर्धनला फोन आला. त्याने लगेच ग्रुपवर लिहिलं, 'नळ आला. आपलाच गोवर्धन.' मेसेज त्याच्या फोनमध्येच अडकला.

इकडे पातेलं वाजलं. मावशी ताट-चमचा बडवत गल्लीभर फिरली. सगळ्यांनी पाणी भरलं. गोवर्धनच्या बायकोनेही.

दुसऱ्या दिवशी नेट सुरू झालं. मेसेज पोचला. गल्ली बादल्या घेऊन धावली. शेजारचे पंजाबराव तर आता नळ आलाच म्हणून टाकीतलं सगळं पाणी भसाभस ओतून, अंगाला साबण लावून बसले. नळ कोरडा.

मावशी गोवर्धनच्या प्रचार कार्यालयात गेली. मी मागोमाग.

"अफवा फिरली रे बाबू. साहेब आधी ॲडमिनले उचलतात म्हणे."

गोवर्धनचा चेहरा उतरला. "मावशी, मले काढा त्याच्यातून."

"मंग सोड ना ग्रुप."

"ऐन निवडणुकीत? लोक म्हणतीन पळाला. तुमी फक्त ॲडमिनचं काढा."

"काढतो ना. चष्मा सापडू दे."

चष्मा तिच्या डोळ्यांवर होता.

ठाण्यातून कुणीच आलं नाही. पण गोवर्धन आता फोटो टाकण्याआधी मावशीला विचारतो. ती नाही म्हणते. निवडणूक होऊन गेली, तो हरला, तरी 'ॲडमिनचं काढा' म्हणत दारात येतो. काल आला तेव्हा मावशीने फोन पदराने पुसला. ग्रुपमध्ये त्याचं नाव शोधलं. अंगठा बटणाजवळ नेला.

तेवढ्यात पातेलं वाजलं.