दंडाचा दोरा

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत, दिवाळी सरली की पोस्टकार्डं टाकून आम्ही सहा-सात कुटुंबं डोंबिवलीच्या शाळेत जमायचो. हातपाय वाळवणारा एकच रोग सगळ्यांच्या घरात होता. ठाण्या-कल्याणच्या डॉक्टरांना त्याचं नावही सांगता येत नव्हतं. आमच्याकडे तो दादाला होता.

मापं घ्यायला एक बाई यायच्या. त्या कोणाबरोबर येतात, कोणालाच ठाऊक नव्हतं. जो तो समजे, दुसऱ्या कुणाच्या तरी असतील. दंडाभोवती पांढरा दोरा गुंडाळून त्या तो दातांनी तोडत आणि गेल्या वर्षीच्या दोऱ्याशेजारी धरत. नवा दोरा आखूडच भरे. बाई कधी हळहळल्या नाहीत.

एका वर्षी, मी विशी ओलांडलेली असताना, दादाचं माप झालं आणि त्यांची गार बोटं माझ्या दंडावर आली. मला रागच आला.

"अहो, मला काही झालेलं नाही!"

"म्हणूनच रे बाळा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पहिलं माप धडधाकट असतानाच घ्यायचं असतं."

दोरा त्यांनी माझ्याच खिशात ठेवला. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत.

तो दोरा मी रोज आंघोळीनंतर दंडाला लावून बघतो. आजवर टोकाला टोक नेमकं टेकत आलं.

आज सकाळी एक टोक दुसऱ्यावर चढलं.